अमळनेरचे साने सर आणि नवा शिक्षक

(नवनियुक्त शिक्षक, केंद्रप्रमुख आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोरी नदीच्या काठचे अमळनेर हे गाव खानदेशात अनेक कारणांनी नावाजलेले आहे. संत सखाराम महाराजांची समाधी व वैशाखातील यात्रा, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर, त्यांच्याच नावाचे महाविद्यालय, १९५२ साली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये येथे भरलेली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने, ही सारी त्या लौकिकाची कारणे. तथापि शिक्षकांच्या मेळाव्यात अमळनेरचा उल्लेख झाला, की सर्वांच्या मनात एकच मूर्ती उभी राहते. ती पांडुरंग सदाशिव साने यांची. आज प्रताप हायस्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळेत जून १९२४ मध्ये ते शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय २४ वर्षांचे होते.

हे वय मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. 'श्यामची आई'चे लेखक, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेणारे सत्याग्रही, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण करणारे सेवक, 'साधना' साप्ताहिकाचे संस्थापक, ही पुढची चित्रे समाजमनावर इतकी ठसलेली आहेत, की हा मनुष्य एके काळी नवशिक्या शिक्षक होता आणि हातात खडू घेऊन अनोळखी मुलांसमोर पहिल्यांदा उभा राहिला होता, याचा विसर पडतो. शिवाय शाळेतील त्यांची नोकरी अवघी सहा वर्षांची. एप्रिल १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा धरली नाही. सहा वर्षांच्या नोकरीतून 'गुरुजी' ही जन्माची ओळख मिळावी, हा प्रकार शिक्षकी पेशात विरळाच म्हणावा लागेल. त्या सहा वर्षांत नेमके काय घडले, आणि आज एखाद्या वस्तीशाळेत वा तालुक्याच्या हायस्कुलात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या शिक्षकाला त्यातून काय घेता येईल, तसेच काय घेता येणार नाही, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

साने हे खानदेशचे नव्हते. दापोली तालुक्यातील पालगड हे त्यांचे गाव. शिक्षण दापोली, औंध व पुणे येथे, पुष्कळशा हालअपेष्टांत झाले. आई १९१७ साली गेली. अमळनेरला ते आले ते शिक्षक होण्यासाठी नव्हे, तर तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी. तेथून ते शाळेकडे वळले. म्हणजे नव्या शिक्षकाच्या ज्या अडचणी आज सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा त्यांच्याही वाट्याला आल्या होत्या असे म्हणण्यास हरकत नाही. परका प्रदेश, भाताच्या मुलखातून ज्वारी-कापसाच्या मुलखात आलेला माणूस, कानाला अनोळखी बोली, आणि अंगी स्वभावतःच असलेला संकोच. वर्गावर छाप पाडणारा करारी मास्तर म्हणून जी मूर्ती त्या काळी आदर्श मानली जाई, तिच्याशी या तरुणाचे फारसे साम्य नव्हते.

त्यांनी ती मूर्ती अंगावर चढविण्याचा प्रयत्न केला नाही, ही पहिली लक्षणीय गोष्ट होय. दुसरी अशी, की त्यांची स्वतःची रीत त्यांना वर्गाच्या चार भिंतींत जितकी सापडली, त्याहून अधिक ती वसतिगृहात सापडली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बाहेरगावची, खेड्यापाड्यांतील मुले तेथे राहत. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले सामान लावून ठेवणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, ही कामे ते स्वतः करीत. त्यामागे मुलांना लाजविण्याचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. पालगडच्या घरात आईने जे केले, तेच त्यांना येत होते, आणि जे येत होते ते त्यांनी केले. मुलांनी मात्र त्यातून जे शिकायचे ते शिकून घेतले.

या छात्रालयात त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. ते हस्तलिखित होते. दिवसभर शाळेत शिकवावे, मुलांची उस्तवार करावी, आणि वर मुलांसाठी एक वृत्तपत्र हाताने लिहून काढावे, या कामाचे श्रम ज्याने कधी पाठाचे टाचण रोज नियमाने लिहिले आहे त्यालाच समजू शकतील. पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक निघाले. त्यांचे बळ कशात होते, हे येथे स्पष्ट होते. ते बळ गोष्टीत होते आणि लेखणीत होते. समोरासमोर बोलताना जो मनुष्य संकोचतो, तो कागदावर मोकळा होतो, असे पुष्कळांच्या बाबतीत आढळते. त्यांनी आपले बळ ओळखले आणि शिकविण्याचे जे काम वर्गात पुरे होत नव्हते, ते दैनिकाच्या पानावर पुरे केले. 'धडपडणारी मुले' ही त्यांची कादंबरी ज्यांनी वाचली असेल, त्यांना या छात्रालयाचे वातावरण परिचित असेल. आणि 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, तेव्हा तिची मांडणी कशी झाली? रोज रात्री श्याम आपल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. ही सांगण्याची घडण अमळनेरच्या छात्रालयातील संध्याकाळींनी तयार केली असावी, असा तर्क केला तर तो फारसा चुकीचा ठरणार नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. साने गुरुजींचे चरित्र ऐकून जो नवा शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात डोळ्यांत पाणी आणून गोष्ट सांगू लागेल, तो फसल्याशिवाय राहणार नाही. गुरुजींचे अश्रू गुरुजींचे होते. उसने अश्रू मुलांना तत्काळ ओळखू येतात आणि उसना रागही तितक्याच लवकर ओळखू येतो. ज्या माणसाने कोणाची नक्कल केली नाही, त्याचीच नक्कल करण्याचा उपदेश गेली अनेक दशके शिक्षकांना केला जात आहे, हा मोठा विरोधाभास आहे. जयंतीच्या दिवशीची भाषणे त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत.

नक्कल का होते, हेही पाहिले पाहिजे. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकी पेशावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक साधा हिशेब मांडला आहे. शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत एखादा विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसलेला असतो. वकील होणाऱ्याने वकिलाला किंवा वैद्य होणाऱ्याने वैद्याला इतके तास पाहिलेले नसते. म्हणून शिक्षकाचे काम आपल्याला ठाऊक आहे, असे प्रत्येकाला वाटते. पण विद्यार्थ्याला शिक्षक दिसतो तो बाकावरून. फळ्यासमोर उभा असलेला, प्रश्न विचारणारा, रागावणारा, शाबासकी देणारा. हा प्रश्न त्याने का निवडला, कालचा भाग आज पुन्हा का घेतला, मागच्या बाकावरील मुलाला आज का विचारले नाही, हा त्या कामाचा आतला भाग बाकावरून दिसत नाही. नवा शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडून नकळत त्याच्याच जुन्या मास्तरांचा आवाज बाहेर पडतो. तीच धमकी, तोच विनोद, छडी नसली तरी पट्टी आपटण्याची तीच लकब. दृश्य भाग उचलला जातो आणि अदृश्य भाग मागे राहतो.

अध्यापक विद्यालयात या नकलेवर उतारा मिळावा, अशी अपेक्षा असते. तेथे दुसरीच नक्कल शिकावी लागते. महाराष्ट्रातील शिक्षकांच्या कित्येक पिढ्या हर्बार्टची पंचपदी घोकून बाहेर पडल्या. मौज अशी, की खुद्द हर्बार्टने पाच पायऱ्या सांगितल्याच नव्हत्या. त्याच्या चार होत्या, त्यांच्या पाच त्याच्या अनुयायांनी केल्या. पंचपदीत, सूक्ष्म पाठात वा नंतर आलेल्या ज्ञानरचनावादी पद्धतीत दोष आहे असे नाही. सराव पाठाला तिचा उपयोग होतो. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधलेला भोपळा सुरुवातीला लागतोच. मात्र नोकरीला लागल्यावर पाचव्या वर्षीही तो पाठीला बांधलेलाच असेल, तर त्याचा दोष पोहणाऱ्याइतकाच काठावरून पाहणाऱ्यांचाही मानला पाहिजे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने टाचणाच्या वहीतील रकाने भरलेले आहेत की नाहीत एवढेच पाहिले, तर शिक्षकाने रकाने भरण्यातच कौशल्य मिळविले, तर नवल ते काय?

साने ज्या वर्षी अमळनेरच्या शाळेत रुजू झाले, त्याच १९२४ साली दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू नावाच्या खेड्यातील एका प्राथमिक शिक्षकाने आपल्या वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणून बसविले. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात १९१७ साली छातीला जबर जखम होऊन त्याची फुप्फुसे दुबळी झाली होती. १९२० मध्ये तो त्या शाळेत आला तेव्हा त्याला फार वेळ मोठ्याने बोलता येत नसे. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे जो शिक्षक तासभर बोलू शकत नाही, तो शिक्षक म्हणून निकामीच ठरायचा. फ्रेनेने मुलांना घेऊन बाहेर हिंडण्यास सुरुवात केली. शेते, ओढा, विणकराचे घर, लोहाराची भट्टी. परत आल्यावर मुले जे पाहिले ते आपल्या शब्दांत सांगत. तेच फळ्यावर लिहिले जाई, दुरुस्त होई, आणि यंत्र आल्यावर तेच छापले जाऊ लागले. मुलांनी जुळविलेल्या खिळ्यांतून मुलांचाच पाठ तयार झाला. पुढे ही छापील पाने फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतील एका शाळेकडे जाऊ लागली आणि तिकडची इकडे येऊ लागली.

एकाने हस्तलिखित दैनिक काढले आणि दुसऱ्याने छापील पाने. फरकही मोठा आहे. अमळनेरच्या दैनिकाचा लिहिता हात शिक्षकाचा होता, बार-स्यूर-लूमध्ये तो मुलांचा होता. आजच्या दृष्टीने दुसरी रीत अधिक पुढची वाटेल. परंतु येथे दोन रीतींत उजवी-डावी ठरविण्याचे प्रयोजन नाही. दोघांनीही जे स्वतःजवळ होते आणि जे नव्हते, ते दोन्ही हिशेबात धरले, हा मुद्दा आहे. फ्रेनेजवळ आवाज नव्हता. साने यांच्याजवळ दरारा नव्हता. ही उणीव झाकण्यात दोघांनी शक्ती खर्च केली नाही. नव्या शिक्षकाला आपले गुण कोणते, हे सहसा कोणीतरी सांगते. आपली उणीव कोणती आणि तिच्यामुळे कोणती वाट बंद होऊन कोणती उघडते, हे त्याला स्वतःच शोधावे लागते.

महाराष्ट्रातील आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून परिपक्व झालेल्या होत्या. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी काम सुरू केले, तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. तरीही तेथील गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. मग शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे ही साधने झाली. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालावे, मग शिकवावे, असा क्रम ठरला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले आणि अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत चालविले. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. मुरलेल्या शिक्षकालाही गाव बदलले की पुन्हा नवे व्हावे लागते, हे यावरून दिसून येईल.

आता खानदेशकडे वळू. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बहुसंख्य खेड्यांत मूल शाळेत येते ते अहिराणी घेऊन. 'मना बाप वावरमा गया' असे पहिलीतील मूल म्हणते. पाठ्यपुस्तकात 'माझे वडील शेतात गेले' असे असते. कोल्हापूर, लातूर वा सिंधुदुर्गाकडून निवड होऊन आलेल्या शिक्षिकेला पहिले वाक्य कळत नाही आणि मुलाला दुसरे परके वाटते. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. 'असे बोलू नये, शुद्ध बोल' असे सांगून ती मुलाला गप्प करू शकते. मूल गप्प बसते, वर्ग शांत होतो, आणि पाहणाऱ्याला शिस्त चांगली असल्याचा भास होतो. किंवा ती मुलांनाच विचारू शकते, की 'वावर' म्हणजे काय, 'माले' आणि 'तुले' म्हणजे काय, आणि ते शब्द फळ्याच्या एका बाजूस व पुस्तकातील शब्द दुसऱ्या बाजूस लिहू शकते. या दुसऱ्या वर्गात काही दिवस शिक्षिका विद्यार्थिनी होते आणि मुले तिला शिकवितात. तिच्या उच्चाराला ती हसतात. ते हसू सहन करण्याइतका स्वतःवरचा विश्वास पहिल्या वर्षी सर्वांजवळ असतोच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण ज्यांना तो जमतो, त्यांना आपली रीत लवकर सापडते, कारण मुले त्यांच्याशी बोलू लागलेली असतात. मुलांच्या बोलण्यावाचून शिक्षकाला स्वतःची रीत कळण्याचे दुसरे साधन नाही.

बोलण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक निरीक्षण सांगणे उपयुक्त ठरेल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शेकडो पाठ ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही, की शिक्षक दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. आपलाच एक तास त्यावर मुद्रित करून रात्री ऐकावा. पहिल्यांदा तो ऐकवत नाही. आपण किती बोलतो, किती वेळा 'कळले का?' विचारतो, आणि मुलांनी एका सुरात दिलेल्या 'हो'वर किती सहज विश्वास ठेवतो, हे कानी पडल्यावर संकोच वाटतो. परंतु कोणत्याही तपासणीच्या शेऱ्यापेक्षा हे ऐकणे अधिक हिताचे असते, आणि त्याची नोंद कोणाच्या गोपनीय अहवालात होत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. स्वतःची शैली शोधणे ही मोठ्या शाळांची चैन आहे, असे खेड्यातील शिक्षक म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि दोन माणसे. त्यांतील एक जण पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते व बैठका यांत गुंतला, की उरलेला एकटा सर्व वर्गांचा. त्याने शैली कुठे शोधायची? या प्रश्नाचे खरे उत्तर शिक्षकाकडे नाही, ते शासनव्यवस्थेकडे आणि गावाकडे आहे. तथापि एवढे म्हणता येईल, की बहुवर्ग शाळेतच शिक्षकाला आपली रीत लवकर ठरवावी लागते. पहिलीच्या मुलांजवळ बसायचे असेल, तर चौथीच्या मुलांना अर्धा तास स्वतःहून गुंतवील असे काम द्यावेच लागते. कोणी नकाशा देईल, कोणी गावातील विहिरींची मोजणी देईल, कोणी मोठ्या मुलांना लहानांचे वाचन ऐकण्यास बसवील. जो आपल्या स्वभावास मानवेल तो मार्ग टिकतो. दुसऱ्याचा पाहून घेतलेला दिवाळीच्या सुटीपर्यंत बंद पडतो.

म्हणून उरलेला भाग उपस्थित अधिकारी व पंचायत सदस्य यांना उद्देशून आहे. राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये करण्यात आले. ही तीन वर्षे कागदोपत्री परीक्षेची मानली जातात. प्रत्यक्षात त्या काळात त्याला मार्गदर्शन किती मिळते, याचा ज्याने त्याने आपापल्या केंद्रापुरता प्रामाणिकपणे विचार करावा. अनुभव असा, की जे वर्ग कोणाला नको असतात ते नव्याला मिळतात, आणि जे जादा काम कोणी करीत नाही ते 'तरुण आहे, संगणक येतो' म्हणून त्याच्याच गळ्यात पडते. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास अशैक्षणिक काम देऊ नये, असे २००९ च्या कायद्याचे २७ वे कलम सांगते. नव्या शिक्षकाच्या बाबतीत तरी त्याचे पालन काटेकोर व्हावे, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

केंद्रप्रमुखांनी पहिल्या वर्षीची भेट वहीपासून सुरू न करता वर्गातील मागच्या बाकावरून सुरू करावी. शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाला विचारावे, की आजच्या तासातील कोणता भाग तुम्हाला स्वतःला जमला असे वाटते. या प्रश्नाने नवखा माणूस गोंधळतो, कारण हा प्रश्न त्याला पूर्वी कोणी विचारलेला नसतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तज्ज्ञांच्या आदर्श पाठाइतकेच महत्त्व साध्या पाठाला द्यावे. एखाद्या जुन्या शिक्षकाने आपला फसलेला तास सहकाऱ्यांपुढे उघडपणे मांडला, तर नव्याची अर्धी भीती तेथेच जाईल. आदर्श पाठ पाहून नवा शिक्षक पुष्कळदा निराश होऊन परततो, ही गोष्ट परिषदेचे आयोजक सहसा लक्षात घेत नाहीत.

ग्रामपंचायतीचा संबंध काय, असा प्रश्न येथे उद्भवेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि नव्या शिक्षकाविषयीचे गावचे मत तेथेच तयार होते. मुलांना घेऊन शिवारात गेलेल्या शिक्षकाबद्दल 'हा शिकवीत नाही, पोरांना हिंडवतो' अशी तक्रार समितीत आली, म्हणजे तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून पुस्तक उघडून बसतो. गावाने एक वर्ष धीर धरला, त्याला राहण्यास बरी खोली मिळवून दिली, त्याच्या वर्गात कधी गावचा सुतार, कधी कापूस वेचणारी बाई, कधी ओव्या सांगणारी आजी जाऊन बसली, तर त्या शिक्षकाचे अर्धे काम सोपे होईल. तालुक्याच्या गावाहून रोज बसने ये-जा करणाऱ्या शिक्षकाला गाव कळत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण गावात राहण्याजोगी खोली नसेल, तर ती तक्रार एकट्या त्याच्यावर ढकलता येत नाही. अमळनेरच्या साने सरांना त्यांची मुले छात्रालयात दिवसरात्र भेटत होती. आजच्या शिक्षकाला ती सोय नाही. त्याला मुले भेटतात ती घंटेपासून घंटेपर्यंत.

हे ध्यानात घेऊन मुख्याध्यापकांना दोन गोष्टी या सत्रापासूनच करता येतील. नव्या शिक्षकाला एकच वर्ग सलग दोन वर्षे द्यावा, म्हणजे पहिल्या वर्षी ज्या मुलांनी त्याला पारखले, त्यांच्यासमोरच दुसऱ्या वर्षी त्याला सुधारून उभे राहता येईल. आणि वेळापत्रकात आठवड्याचा एक तास त्याच्या स्वाधीन ठेवावा. त्या तासाचे टाचण कोणी मागू नये. गोष्ट सांगावी, भिंतीवर हस्तलिखित लावावे, मुलांना नदीवर न्यावे, काहीही करावे. महिन्याच्या शेवटी त्या चार तासांत काय झाले, एवढे त्याने मुख्याध्यापकांना चहाच्या वेळी तोंडी सांगावे.